पिकअपच्या मीटरवर ब्रेकचा दिवा लागलाय? आधी पेडल काय म्हणतंय ते बघा

चालत्या पिकअपच्या मीटरवर ब्रेकचा दिवा लागला की बहुतेक चालक दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण पेडल दाबून बघतात, गाडी थांबतेय असं दिसलं की दिव्याकडे काणाडोळा करून पुढे जातात. काही जण घाबरून गॅरेज गाठतात आणि तिथे जो पार्ट सुचवला जाईल तो बदलून घेतात. मग थोड्याच दिवसांत दिवा पुन्हा लागतो. दिवा नेमकं काय सांगतोय हे दोघांनीही बघितलेलं नसतं.

ब्रेकचा दिवा कधीही ‘अमुक पार्ट गेला’ असं सांगत नाही. एखाद्या स्विचकडून किंवा सेन्सरकडून नेहमीपेक्षा वेगळी खूण आली किंवा खूण आलीच नाही, एवढंच त्याला कळलेलं असतं. तिथून खऱ्या दोषापर्यंत माणसालाच पोचावं लागतं. यातलं बरंचसं काम साधं आहे आणि ते गाडीच्या मालकाला स्वतः करता येतं. फक्त पिकअपच्या बाबतीत काही गोष्टी कारपेक्षा वेगळ्या वागतात, कारण हीच गाडी कधी रिकाम्या हौद्याने पळते, तर कधी टनभर ओझं घेऊन.

रंग आधी, चिन्ह नंतर

मीटरवरच्या चिन्हांसाठी आयएसओ २५७५ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यामुळे कंपनी बदलली तरी चित्रं फारशी बदलत नाहीत. वर्तुळात उद्गारचिन्ह आणि दोन्ही बाजूंना कंस, हा ब्रेकचा मुख्य दिवा. तो लाल असतो. वर्तुळात ‘एबीएस’ ही अक्षरं असतील तर तो पिवळा दिवा, जोरात ब्रेक मारल्यावर चाक जॅम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा. घसरणाऱ्या गाडीचं चित्र ईएससीचं, म्हणजे वळणावर गाडी भरकटू न देणाऱ्या यंत्रणेचं. वर्तुळाच्या बाजूला तुटक रेषा दिसल्या तर पॅड, म्हणजे चाकाची तबकडी दाबून धरणारे तुकडे, झिजलेत.

लाल दिवा गाडी थांबवण्याच्या मूळ ताकदीबद्दल शंका घेतो, म्हणून सुरक्षित जागा दिसताच गाडी बाजूला घ्यायची. पिवळा दिवा म्हणतो की मूळ ब्रेक शाबूत आहे, पण त्याच्या मदतीची यंत्रणा बंद पडलीय. तेव्हा वेग कमी ठेवून, पुढच्या गाडीपासून जास्त अंतर राखून गॅरेजपर्यंत जाता येतं.

चावी फिरवल्यावर हे सगळे दिवे काही सेकंद लागतात आणि विझतात. गाडी त्या वेळी स्वतःची तपासणी करत असते. चावी फिरवूनही दिवा लागलाच नाही, तर तो दिवा किंवा त्याचं वायरिंग गेलंय आणि खरा बिघाड झाला तरी तुम्हाला कळणार नाही. बऱ्याच गाड्यांत चालू लागल्यावर पहिल्या काही मीटरांत बॉनेटखालून एक क्षणभर घरघर ऐकू येते. एबीएसचा पंप स्वतःला तपासत असतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

लाल दिव्याची जुनी कारणं

सगळ्यात साधं कारण हँडब्रेक. लिव्हर पूर्ण खाली गेलेला नसतो किंवा त्याच्या बुडाशी असलेला छोटा स्विच अडकलेला असतो. लिव्हर किंचित उचलून सोडल्यावर दिवा लुकलुकला तर बहुतेक वेळा दोष स्विचचा असतो. पायाने दाबायचा हँडब्रेक असेल तर पेडल स्प्रिंगने पूर्ण वर आलंय का ते हाताने ओढून बघा. एक गोष्ट मात्र दिवा सांगत नाही. केबल गंजून मागे अडकली असेल तर लिव्हर खाली असतो, दिवा विझलेला असतो, आणि मागचे लायनर (ड्रमच्या आत दाबले जाणारे ब्रेकचे पट्टे) मात्र ड्रमला घासत राहतात. थोडी गाडी चालवून मागच्या चाकांजवळ हात नेला आणि एका बाजूने जास्त धग लागली, तर हेच झालंय असं समजा. ड्रमला हात लावू नका, भाजेल.

दुसरं कारण ब्रेक ऑइलची पातळी. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

तिसरं कारण म्हणजे एका सर्किटमधला दाब जाणं. ब्रेकच्या नळ्या दोन स्वतंत्र सर्किटांत विभागलेल्या असतात, म्हणजे एक फुटलं तरी दुसऱ्यावर गाडी थांबते. अमेरिकेत १९६८ पासून कारना अशी दोन सर्किटं आणि एक निकामी झाल्यास लागणारा दिवा सक्तीचा झाला. जुन्या पिकअपमध्ये या दोन सर्किटांच्या मध्ये एक छोटा दट्ट्या असतो. एका बाजूचा दाब पडला की तो सरकतो आणि दिवा लावतो. पिकअपमध्ये साधारणपणे पुढची दोन चाकं एका सर्किटवर आणि मागची दोन दुसऱ्यावर असतात. पुढचं सर्किट गेलं तर गाडी फक्त मागच्या ब्रेकवर उरते. हौदा रिकामा असेल तर मागच्या चाकांवर वजनच नसतं, त्यामुळे थांबायला लागणारं अंतर भयंकर वाढतं. अशा वेळी ‘थांबतेय ना’ म्हणून गाडी पुढे रेटणं जिवावर बेतू शकतं.

ऑइल कमी झालं, पण गेलं कुठे?

ऑइल कमी दिसलं की लोक बाटली आणून टाकी भरतात आणि दिवा विझला म्हणून निश्चिंत होतात. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून थोडं थांबून बघू.

ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही. ते बंद नळ्यांमध्ये असतं. पातळी खाली गेली तर दोनच शक्यता उरतात: एक तर ते बाहेर गळालंय, किंवा पॅड झिजलेत. पॅड जसे पातळ होतात तसा कॅलिपरमधला, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागातला, पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्या मागे झालेली जागा ऑइल भरून काढतं. म्हणजे महिनोन्महिने हळूहळू उतरलेली पातळी ही पॅडच्या झिजेची खूण असते. असा झिजेचा दिवा आधी सतत लागत नाही. चढावर, वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर ऑइल टाकीत एका बाजूला जातं, टाकीतली पातळी बघणारा तरंगता गोळा खाली जातो आणि दिवा क्षणभर चमकून विझतो. सपाट रस्त्यावर सगळं ठीक दिसतं. अशा वेळी टाकीत ऑइल ओतलं तर मिळालेला इशाराच पुसला जातो. शिवाय पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की ते जास्तीचं ऑइल टाकीतून ओसंडतं आणि जिथे सांडेल तिथला रंग उडवतं.

पातळी काही दिवसांतच खाली गेली असेल तर गळती शोधा. पिकअपमध्ये कुठे बघायचं हे ठरलेलं आहे. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूने वाकून टायरची भिंत ओली किंवा तेलकट आहे का बघा. मागे ड्रम असेल तर तो उतरवून व्हील सिलिंडरच्या (लायनर ड्रमवर दाबणाऱ्या भागाच्या) दोन्ही टोकांची रबरी टोपी बोटाने किंचित मागे ओढा. आत ओल जमून बाहेर ठिबकत असेल तर सिलिंडर गळतोय, आणि लायनर भिजले असतील तर ते धुऊन चालत नाहीत, बदलावेच लागतात. मग चासीच्या कडेने मागे जाणारी लोखंडी नळी बघा. मागच्या अॅक्सलच्या वर आणि इंधन टाकीच्या बाजूला जिथे चिखल साचून राहतो, तिथे ती गंजते. शेवटी मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलवर दाब आणणारा) आणि बूस्टर (व्हॅक्यूमच्या मदतीने पायाचा जोर वाढवणारा डबा) जिथे जोडलेले असतात तो सांधा बघा. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलं की ऑइल थेट बूस्टरच्या डब्यात जातं. बाहेर एक थेंब दिसत नाही, आणि टाकी मात्र रिकामी होत राहते.

टाकी भरलेली आहे, गळती नाही, तरीही लाल दिवा जात नाही? टाकीतला गोळा कधीकधी स्वतःच ऑइल शोषून बुडतो. टाकीच्या स्विचचा कनेक्टर काढल्यावर दिवा विझला तर बहुतेक गाड्यांत दोष त्या स्विचचाच निघतो.

ऑइल भरायची वेळ आलीच तर टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच भरा. डॉट ३ चा उकळबिंदू नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो आणि ओलावा शोषल्यावर १४० पर्यंत उतरतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते या दोघांत मिसळायचं नाही. इंजिन ऑइल किंवा स्टीअरिंग ऑइल चुकूनही या टाकीत गेलं तर सगळी रबरी सीलं फुगून निकामी होतात आणि पूर्ण यंत्रणा उघडावी लागते.

पायाला काय जाणवतंय?

लाल दिवा लागल्यावर सगळ्यात मोलाची माहिती पायातून मिळते. गाडी उभी करून इंजिन चालू ठेवा आणि पेडल सावकाश, एकसारखं दाबून धरा. ते दाबून धरलेलं असतानाच हळूहळू खाली बसत गेलं आणि बाहेर गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतलं सील सुटलंय. पेडल स्पंजसारखं लवत असेल आणि पुन्हा पुन्हा मारल्यावर घट्ट होत असेल, तर नळ्यांत हवा शिरलीय. ती काढावी लागेल, आणि आत कशी आली तेही शोधावं लागेल.

पेडल दगडासारखं कडक झालं असेल तर ऑइलचा नाही, बूस्टरचा विचार करा. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा मारा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. काहीच हललं नाही तर त्याला व्हॅक्यूम मिळत नाहीये. अनेक डिझेल पिकअपमध्ये हा व्हॅक्यूम बनवणारा पंप अल्टरनेटरच्या, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या, मागेच बसवलेला असतो. बेल्ट तुटला की बॅटरीचा दिवा लागतो आणि थोड्याच वेळात ब्रेकचं बळही जातं. लोक ‘चार्जिंगचंच तर आहे’ म्हणून चालत राहतात, आणि एक-दोनदा ब्रेक मारून झाला की पेडल कडक होतं. अशा डिझेल गाडीत चार्जिंगचा दिवा लागला तर तो ब्रेकचाच दिवा समजून थांबा.

आणि चालत्या गाडीत पेडल एकदम तळाला गेलं तर? ते भराभर पंप करा, बऱ्याचदा थोडा दाब मिळतो. एकेक गिअर खाली आणत इंजिनला गाडी अडवू द्या. हँडब्रेक एकदम ओढू नका. बटण दाबून धरून हळूहळू ताण द्या, म्हणजे मागची चाकं घसरायला लागली तर लगेच सोडता येईल.

पिवळा दिवा आणि चाकांची हजेरी

एबीएसचा मेंदू म्हणजे कंट्रोल युनिट. ते प्रत्येक चाक किती वेगाने फिरतंय हे सतत बघतं. चाकासोबत फिरणाऱ्या कड्याजवळ एक सेन्सर असतो, त्याच्या खुणा मोजून युनिटला वेग कळतो. बाकीची चाकं फिरताहेत आणि एकच थांबू लागलंय असं दिसलं, तर युनिट त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सैल करतं.

एखाद्या चाकाकडून खूण आली नाही तर युनिट एक कोड लिहून ठेवतं आणि पिवळा दिवा लावून स्वतः बाजूला होतं. स्वस्त स्कॅनर बहुधा फक्त इंजिनचे, म्हणजे ‘पी’ने सुरू होणारे कोड वाचतात. ब्रेकचे कोड ‘सी’ने सुरू होतात आणि त्यासाठी एबीएस वाचणारा स्कॅनर लागतो. समजा कोड आला सी ००३५, म्हणजे बऱ्याच गाड्यांत डाव्या पुढच्या चाकाच्या सेन्सरचं सर्किट. आता हा कोड म्हणजे फोन लावला आणि समोरून उत्तर आलं नाही असा प्रकार आहे. समोरचा फोन बिघडला असेल, बंद असेल, किंवा त्या जागी रेंज नसेल; उत्तर न येण्यावरून यातलं काय ते ठरत नाही. तरीही गॅरेजमध्ये सर्रास सेन्सर बदलला जातो, आणि तार तुटलेली असेल तर नवा सेन्सरही गप्पच बसतो.

म्हणून आधी डोळ्यांनी बघा. स्टीअरिंग एका टोकापर्यंत फिरवून चाकामागची तार बघा. गाडी उंच करण्यासाठी किट बसवलं असेल तर ही तार ताणली जाऊन आतल्या आत तुटते, वरचं आवरण मात्र धडधाकट दिसतं. कनेक्टर उघडून हिरवट गंज आहे का बघा. मग स्कॅनरवर चारही चाकांचे वेग समोर ठेवून, मोकळ्या जागी, दुसऱ्या माणसाला चालवायला देऊन सावकाश गाडी हलवा. तीन चाकं १० दाखवताहेत आणि चौथं शून्यावर पडतंय, किंवा मध्येच उडी मारतंय, हे काही मीटरांत कळतं. जुन्या दोन तारांच्या साध्या सेन्सरचा रोध मल्टिमीटरने मोजता येतो. साधारण हजार-दोन हजार ओहमच्या आसपास येतो, आणि दुसऱ्या बाजूच्या सेन्सरशी ताडून बघता येतो. नव्या गाड्यांतले सेन्सर आतून इलेक्ट्रॉनिक असतात, त्यांना असा मीटर लावून काही कळत नाही.

नुकतंच बेअरिंग बदललं आणि दिवा लागला असेल तर एक खास कारण तपासा. अनेक बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय कडं असतं. ते डोळ्यांना दिसत नाही. बेअरिंग उलटं बसलं तर चाक झकास फिरतं, पण सेन्सरसमोर चुंबकाची बाजूच नसते.

काही पिकअपमध्ये मागच्या दोन चाकांसाठी मिळून एकच सेन्सर असतो, तो डिफरन्शियलवर, म्हणजे मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या गोळ्यावर, बसवलेला असतो. मागच्या चाकांपाशी सेन्सर शोधत बसलात तर सापडणार नाही. गिअरचं प्रमाण किंवा टायरचा आकार बदलला की त्याचं गणितही चुकतं. चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे असावेत, यामागे हेही एक कारण आहे.

काही वेळा मात्र दिवा लागूनही काही बिघडलेलं नसतं. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये लो गिअर टाकला किंवा मागचं डिफरन्शियल लॉक केलं की अनेक गाड्या ईएससी, काही तर एबीएससुद्धा, मुद्दाम बंद करतात आणि तसा दिवा लावतात. बॅटरी अशक्त असेल तर सुरू करताना व्होल्टेज पडल्यामुळेही हे दिवे लागतात. ट्रेलरसाठी मागच्या दिव्यांच्या वायरिंगला जोड मारलेला असेल तर तोही तपासा. ब्रेक पेडलचा स्विच आणि मागचे लाल दिवे याच वायरिंगवर असतात, आणि पाय पेडलवर आहे की नाही याची खबर युनिटला तिथूनच मिळते.

लाल आणि पिवळा एकत्र लागले तर

हे दोन वेगळे बिघाड एकदम झाले असं बहुधा नसतं. आधुनिक गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा हे ईबीडी ठरवतं, आणि ते एबीएसच्याच युनिटमध्ये असतं. युनिट पुरतं बसलं की दोन्ही दिवे लागतात.

लोकांना वाटतं, हौदा रिकामा आहे म्हणजे धोका कमी. ईबीडी बंद असताना उलट होतं. ब्रेक मारल्यावर गाडीचं वजन पुढे झुकतं. रिकाम्या पिकअपचं मागचं टोक आधीच हलकं, त्यात ते आणखी हलकं होतं. मागचा ब्रेक मात्र ओझ्यासाठी बनवलेला दणकट असतो. कुणी अडवणारं नसेल तर मागची चाकं पुढच्यांच्या आधी जॅम होतात आणि गाडीची शेपटी आडवी येते, ओल्या रस्त्यावर तर फार लवकर. पिकअपमध्ये एबीएस आलं तेही याच काळजीपोटी: फोर्डच्या एफ-सिरीजला १९८७ च्या मॉडेलमध्ये ते मिळालं, तेव्हा ते फक्त मागच्या चाकांपुरतं होतं.

ईबीडी नसलेल्या गाडीत हे काम मागच्या अॅक्सलला दांडीने जोडलेला एक व्हॉल्व्ह करतो. हौदा जितका खाली बसतो तितका तो मागे जास्त दाब सोडतो. त्याला दिवा नसतो. जास्त माल भरता यावा म्हणून पाटे (हौद्याखालच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवले की हौदा बसतच नाही, व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि भरल्या गाडीला मागचा ब्रेक कमी मिळतो. पाटे वाढवलेत तर त्या दांडीची सेटिंगही करून घ्या.

‘पण ब्रेक तर नीट लागतोय’

कोरड्या रस्त्यावर, रोजच्या वेगात एबीएसची गरजच पडत नाही, त्यामुळे पिवळा दिवा लागलेल्या गाडीचा ब्रेक नेहमीसारखाच वाटतो. फरक कळतो तो पावसात कुणी अचानक आडवं आल्यावर.

‘बॅटरीची तार काढून लावली की दिवा जातो’ असंही सांगितलं जातं. काही गाड्यांत जातो. पण दोष तसाच असेल तर गाडी चालताच युनिटला तो पुन्हा सापडतो, आणि कोड पुसला गेल्यामुळे मेकॅनिकच्या हातचा धागा तेवढा जातो. कोड पुसण्याआधी तो लिहून ठेवा, म्हणजे नंतर वेगळा आला तर कळेल.

आणि दिवा लागलाच नाही, म्हणजे सगळं ठीक? नाही. लांब उतारावर तापून ऑइल उकळलं तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळाला जातं; दिव्याला याचा पत्ता नसतो. ड्रममधलं लायनर आणि ड्रम यांच्यातलं अंतर भरून काढणारा खटका गंजून अडकला तर पेडल दिवसेंदिवस खोल जातं, दिवा गप्प असतो. सेन्सरच्या बैठकीखाली गंज फुगून सेन्सर किंचित उचलला गेला, तर अगदी हळू वेगात त्याची खूण क्षीण होते. मग गाडी थांबता थांबता शेवटच्या दोन-तीन मीटरांत पेडल पायाखाली थरथरतं आणि गाडी ठरल्या जागेच्या थोडी पुढे जाते. युनिटला चाक जॅम झालंय असं वाटलेलं असतं. कोड नसतो, दिवाही नसतो. अशा वेळी मेकॅनिकला ‘ब्रेक बघा’ एवढंच सांगू नका. कोणत्या वेगाला, रस्ता कोरडा होता की ओला, हौदा भरलेला होता की रिकामा, आणि पेडल खाली गेलं की थरथरलं, हे सांगा. सेन्सर काढून त्याखालची जागा घासून साफ केली की हा दोष बहुतेकदा तिथेच मिटतो.